सगळं ठाऊक आहे, कोडं मात्र सुटत नाही

प्रश्न : ताई, माझं वय ६७. टीव्हीवर प्रश्नमंजूषा लागली की स्पर्धकाच्या आधी माझं उत्तर तयार असतं. राजधान्या, शोध, राजे, मूलद्रव्यं, काहीही विचारा. पण अकरा वर्षांचा नातू मोबाइलवर आकृत्यांची कोडी पटापट सोडवतो आणि मी पहिल्याच पायरीवर अडतो. मुलगा म्हणतो, "बाबा, तुमचं ते सगळं पाठांतर. खरी बुद्धी पोराची." त्याचं खरं मानायचं का? आणि माझी बुद्धी उतरत चाललीय का?

उत्तर : चिरंजीवांनी निकाल फार घाईने दिलाय.

बुद्धिमापनासाठी आम्ही मानसशास्त्रज्ञ वापरतो त्या वेक्स्लरच्या चाचणीत १९३९ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून सामान्यज्ञानाचा स्वतंत्र भाग आहे. ते निव्वळ पाठांतर असतं, तर केव्हाच गळलं असतं. उलट, एकूण गुणांशी सर्वांत घट्ट जुळणाऱ्या भागांत शब्दसंग्रहाबरोबर हाही नेहमी वरच्या रांगेत असतो. माहिती सगळ्यांच्याच कानांवरून जाते. डोक्यात टिकते ती समजलेली, आधीच्या कशाला तरी जोडली गेलेली. मुद्दाम न घोकताही इतकं साठलं असेल, तर त्यामागे वर्षानुवर्षांची आकलनशक्ती असते.

मग कोडं का अडतं? मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी १९४३ मध्ये बुद्धीचे दोन प्रकार मांडले : प्रवाही आणि स्फटिकीभूत. अनोळखी आकृतीतला नियम शोधायचा, तोही झटपट, हे प्रवाही बुद्धीचं काम. ती तरुणपणी जोरात असते आणि पुढे हळूहळू उतरते, सगळ्यांचीच. दुसरी म्हणजे त्या बुद्धीने आयुष्यभर कमावलेलं ज्ञान. ते साठीपर्यंत वाढत राहतं, कित्येकांचं त्याही पुढे टिकतं. मला हा फरक चाचणी घेताना समोरच दिसतो. लाल-पांढरे ठोकळे जुळवून नक्षी करायची असते, तेव्हा माझ्या हातात स्टॉपवॉच असतं. वयस्कर मंडळींचं अर्धं लक्ष त्या घड्याळाकडेच. सामान्यज्ञानाचे प्रश्न सुरू झाले की तीच माणसं खुर्चीत मागे रेलतात, आणि एका ओळीचं उत्तर पुरत असताना त्या शोधाची अख्खी कथा सांगायला लागतात. (गुण तेवढेच मिळतात, पण मी ऐकून घेते.)

मुलाच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. सामान्यज्ञानात बुद्धीखेरीज बरंच काही मिसळलेलं असतं : शाळा किती मिळाली, घरात पुस्तकं होती का, स्वभाव चौकस आहे का. त्यामुळे एखाद्याला राजधान्या येत नाहीत म्हणून त्याला मठ्ठ ठरवणं मला मुळीच पटत नाही. आणि उद्यापासून तुम्ही हजार नवी उत्तरं पाठ केलीत, तर प्रश्नमंजूषेत आणखी चमकाल. आकृत्यांच्या कोड्यात त्याचा उपयोग नाही.

पण ज्ञान हे विचाराचंच भांडवल आहे, हे त्याला जरूर सांगा. १९८८ मध्ये अमेरिकेत रेश्ट आणि लेस्ली या संशोधकांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि मैदानाची प्रतिकृती व लाकडी खेळाडू घेऊन तो खेळ पुन्हा मांडून दाखवायला सांगितला. वाचनात कच्ची पण बेसबॉल कोळून प्यायलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. ओळखीच्या विषयात डोक्याला प्रत्येक गोष्ट नव्याने लावत बसावी लागत नाही. डॉक्टर, वकील, मेकॅनिक, सगळ्यांचं रोजचं डोकं असंच चालतं.

आता तुमची धास्ती. नवं कोडं उशिरा सुटणं हे या वयाला साजेसंच आहे. रोजचा रस्ता चुकायला लागला, सरावाचे हिशेब जमेनासे झाले, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातोय असं घरच्यांना जाणवलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. तुमच्या पत्रात यातलं काहीच दिसत नाही.

नातवाबरोबर कोडी जरूर सोडवा, फक्त मोबाइलमधला तो उलटा चालणारा टायमर आधी बंद करायला लावा. पहिला नियम कसा शोधला, ते त्याच्याकडून समजून घ्या. पुढची दोन-तीन कोडी त्याच जातीची असतील, तर तुम्हाला वाटतं तितका वेळ लागणार नाही.