झाडे संपतात तिथे जाण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तू आखलेला मार्ग आणि रोजच्या मुक्कामांचा आराखडा मी लक्षपूर्वक वाचला. सामानाची यादी चांगली आहे, अंतरेही तुझ्या आवाक्यातली आहेत. मला खटकते ते एकच. बहुतेक दिवशी तुझी सकाळ जंगलातल्या चढणीत जाते, भर दुपारी तू खिंडीत पोहोचतोस आणि रात्री उघड्या माळावर तंबू ठोकतोस. हा क्रम उलटा कर. खिंड सकाळीच पार व्हावी आणि दुपार कलायच्या आत तू पुन्हा झाडांजवळ असावास, अशा बेताने सगळे दिवस नव्याने आखावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

झाडांची हद्द कुठे येते, हे नुसत्या उंचीवर नव्हे तर वाढीच्या मोसमात मिळणाऱ्या उबेवर ठरते. त्या मोसमाचे सरासरी तापमान साधारण ६ अंश सेल्सिअसच्या खाली राहिले, की झाडाला उभे वाढता येत नाही. म्हणूनच आल्प्समध्ये ही हद्द २००० मीटरच्या आसपास लागते, कोलोरॅडोच्या रॉकी पर्वतात ३५०० मीटरजवळ, तर हिमालयात काही ठिकाणी ४००० मीटरच्या घरात. तिथली शेवटची झाडे थांबून नीट पाहा. वाऱ्याकडच्या फांद्या पार झडलेल्या आणि उरलेल्या सगळ्या आडोशाच्या बाजूला झुकलेल्या दिसतील. जमिनीलगत सरपटणारे मनगटाएवढे खोड शंभर वर्षांहून जुने असू शकते. हिवाळ्यात जेवढे बर्फाखाली झाकले गेले तेवढेच हिरवे उरते, वर डोकावलेले शेंडे वारा आणि हिमकण सोलून काढतात. त्या फांद्यांवरून वाऱ्याची नेहमीची दिशा कळते, तेव्हा तंबूचे तोंड कुठे करायचे हे त्यांनाच विचार.

दुपारची मला इतकी धास्ती का वाटते, तेही सांगतो. उन्हाळ्यात सकाळचे आकाश निरभ्र असले, तरी तापलेल्या उतारांवरून दमट हवा वर चढत राहते आणि दुपारपर्यंत तिचे गडगडाटी ढग होतात. उघड्या धारेवर त्या वेळी आसपासची सर्वांत उंच वस्तू तूच असतोस. ढग आडवे न पसरता उभे वाढू लागले, की शिखर समोर दिसत असले तरी परत फीर; गडगडाट कानावर आला म्हणजे वीज तुझ्यापर्यंत पोहोचू शकते. आसरा शोधताना एकटे झाड आणि कातळातली उथळ कपार दोन्ही टाळ, आणि सारख्या उंचीच्या दाट झाडीत उतर.

बर्फाच्या पाण्यावर वाहणारे ओढेही हेच वेळापत्रक पाळतात. पहाटे ज्या ओढ्यात पाणी घोट्यापर्यंत असते, तोच दिवसभराच्या उन्हाने वितळलेले पाणी पोहोचले की संध्याकाळी मांडीपर्यंत फुगतो. तो सकाळीच ओलांड, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी सॅकचे कमरेचे व छातीचे पट्टे सोडून ठेव, म्हणजे पाय निसटला तर ओझे झटकन टाकता येईल. अपवाद फक्त तीव्र उतारावरच्या बर्फाचा: तो पहाटे काचेसारखा कडक असतो, आणि बुटांना काटे लावलेले नसतील तर थोडे ऊन लागेपर्यंत तिथे थांबणेच शहाणपणाचे.

उंचावर चढून खाली झोपण्याचा हा क्रम विरळ हवेसाठीही हिताचा आहे. ३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा अधिक उंच नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा. डोके दुखत असेल आणि मळमळत असेल, तर त्या दिवशी वर जायचे नाही. पण चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचे. सोबत्याच्या बाबतीतही हाच नियम, तो कितीही नाही म्हणाला तरी.

मुक्कामाला कुरणाचा सखल तळ निवडू नकोस, कारण रात्रीची थंड हवा तिथेच साचते. थोडी वरची, झाडांच्या आडोशाची, पाण्यापासून निदान ६० मीटर दूर असलेली जागा शोध. उशीसारख्या फुगीर, चिमुकल्या फुलांच्या वनस्पतींवर पाऊल पडू देऊ नकोस. त्या वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. शेकोटी तर नकोच, कारण इथे जळलेले लाकूड पुन्हा तयार व्हायला कित्येक पिढ्या लागतात. स्टोव्हसाठी साध्या ब्यूटेनचा डबा घेतलास, तर गोठणबिंदूजवळ त्यातून गॅसच निघेनासा होतो. आयसोब्यूटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण घे. पाण्याचा फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेव. तो एकदा गोठला की आतल्या सूक्ष्म नळ्या तडकतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

सुधारलेला आराखडा मला पाठव. त्यात प्रत्येक दिवसापुढे माघारी फिरण्याची वेळ लिहिलेली असावी, आणि त्याची एक प्रत घरीही राहू दे. तू ठरल्या दिवशी परतला नाहीस, तर शोध कुठून सुरू करायचा हे त्यांना त्यावरूनच कळेल.

तुझा शुभचिंतक