वडिलांना सांभाळायला मावशी ठेवताना पगार, सुट्टी, कामं कशी ठरवायची?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना पॅरालिसिस झालाय, तुम्ही दोघंही नोकरीला, दिवसभरासाठी मावशी ठेवायच्यात आणि त्यांच्यावर अन्याय होऊ नये असं वाटतंय. कोल्हापुरात, राजारामपुरीत आमच्याकडे सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून शेवटपर्यंत मावशी होत्या, त्यावरनं सांगते.

पहिलं म्हणजे कामं आधी बोलून घ्या. वडिलांचं अंग पुसणं, डायपर, जेवण, औषधं एवढंच की स्वयंपाक पण? "तुम्ही आमच्या घरच्यासारख्याच" म्हणत म्हणत हळूहळू भांडी, मग चपात्या, मग पाहुण्यांचा चहा असं वाढत जातं आणि त्या नाही म्हणू शकत नाहीत कारण पगार आपल्या हातात असतो. जास्तीचं काम सांगायचं तर जास्तीचे पैसे द्या, बास. ब्युरोतनं, म्हणजे कामाला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतनं, आणणार असाल तर तुम्ही दिलेल्यातले मावशींच्या हातात किती पडतात हे ब्युरोला आणि मावशींना, दोघांनाही विचारा, बऱ्याचदा फरक मोठा असतो.

१२ तासांची ड्युटी म्हणजे १२ तास. ऑफिसातनं यायला उशीर झाला तर त्यांची शेवटची केएमटी बस चुकते, मग रिक्षाचे पैसे तुम्ही द्यायचे. आणि रात्रीला कुणी ठेवलं तर ती "झोपायला येणारी बाई" नव्हे, बेडसोर (पडून राहून होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं म्हणजे ती जागीच असते, तिला दिवसा घरी जाऊन झोपायला मिळालं पाहिजे.

आठवड्याची सुट्टी पगारी द्या, त्या दिवशी घरातल्यांनी करायचं. ते केलं की कळतं काम किती आहे ते. वडिलांना उचलून खुर्चीत बसवताना दुसरा माणूस हवाच, एकटीनं उचलून उचलून या बायकांच्या कमरा जातात. हातमोजे, साबण तुम्ही आणायचं. जेवण आपण जेवतो तेच, वेगळा कप नको, घरातला संडास वापरू द्यायचा, हे सांगायला लागतं याचंच वाईट वाटतं खरं तर.

खाडे कापताना माणसासारखं वागा. २०१९ ला पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी कामवाल्या ताईंच्या घरातच पाणी होतं, त्या दिवसांचे पैसे कसले कापता? वडील दवाखान्यात ॲडमिट झाले तर ते दिवसही पगारी धरा, मावशींना तुम्हीच थांबवून ठेवलेलं असतं. आणि बोलायला जड आहे पण आधीच ठरवा, पेशंट गेला की या बाईचं काम त्याच दिवशी सुटतं. आम्ही पुढच्या एका महिन्याचा पगार दिला, तेवढ्यात त्यांना दुसरं घर मिळालं.

उचल दिली तर वहीत दोघांच्या सह्या, थोडी थोडी कापा, व्याज नको. दिवाळीला एक महिन्याचा पगार.

आणखी एक, घरात पुरुषमाणसं असतात, पेशंटही पुरुष, कुणी वेडंवाकडं वागलं तर मावशींनी कुणाला सांगायचं? २०१३ च्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात घरकाम करणाऱ्या बायका पण येतात, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हे त्यांना तुम्हीच सांगा.

कागदपत्रांत लक्ष घाला, त्यांना हेलपाटे परवडत नाहीत. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते, त्याला मालकाचं प्रमाणपत्र लागतं, ते टाळू नका, तुमच्यावर काही बालंट येत नाही. ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांचं सरकारी नोंदणी कार्ड, आधारवरनं निघतं. आणि बँकेत खातं असेल तर वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो, पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, ते २० रुपये तुम्हीच भरा आणि दर वर्षी मे महिन्यात हप्ता कापला गेलाय का तेवढं त्यांच्या पासबुकात बघा.