टर्बोवर पैसे घालण्याआधी तो रबरी पाइप बघा

प्रश्न : माझी २०१३ ची डिझेल अर्टिगा आहे, दीड लाख किलोमीटरच्या पुढे चालली आहे. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट ती घरची सगळी मंडळी घेऊन तिसऱ्या गिअरवर चढायची. आता दुसरा टाकावा लागतो. ॲक्सिलरेटर दाबला की मागे काळा धूर आणि बॉनेटमधून ‘सूंऽऽ’ असा आवाज. एकटा असलो आणि रस्ता सपाट असला तर काहीच जाणवत नाही. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. ॲव्हरेज मात्र चांगलंच उतरलंय. गॅरेजवाल्यांनी जागेवर रेस करून पाहिली आणि टर्बो व चारही इंजेक्टर बदला म्हणाले. आकडा ऐकून गाडी विकायचा विचार मनात आला. काय करू? — एक वाचक, सातारा

उत्तर : गाडी विकू नका आणि टर्बोही (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इतक्यात बदलू नका. निदानाला लागणारं जवळजवळ सगळं तुमच्या पत्रातच आहे.

डिझेल गाडीचा पिकअप गेला की मी आधी धुराचं विचारतो. काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, पण ते जाळायला हवा पुरत नाही. धूर नाही आणि ताकदही नाही, तर डिझेलच कमी पोचतंय, म्हणजे फिल्टर किंवा पंपाकडे वळायचं. निळा धूर असेल तर ऑइल जळतंय. तुमचा धूर काळा आहे, त्यामुळे माझा पहिला संशय हवेवर. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बसलं असतं तर गाडी सकाळीच रडली असती. डिझेलचा फवारा मारणारे इंजेक्टर टपकत असते तरी काळा धूर आला असता हे खरं, पण मग आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, खडखड जाणवली असती, आणि घाटातल्या त्या ‘सूं’चा खुलासा इंजेक्टरने होत नाही.

टर्बोने दाबलेली हवा आधी इंटरकूलरमध्ये थंड होते आणि तिथून इंजिनात जाते. या वाटेवर जाड रबरी पाइप असतात, क्लिप लावून आवळलेले. दहा-बारा वर्षं इंजिनाची उष्णता आणि ऑइलची वाफ खाऊन ते आतून फुगतात, मऊ पडतात आणि बहुतेक वेळा क्लिपच्या कडेला, तेही खालच्या अंगाला फाटतात. वरून बघणाऱ्याला पाइप धडधाकट दिसतो.

गॅरेजमध्ये ही चीर का सापडली नसेल, तेही सांगतो. न्यूट्रलला उभी गाडी कितीही रेस करा, इंजिनावर लोड नसतो, त्यामुळे टर्बो पुरता दाब तयारच करत नाही आणि चीर मिटलेली राहते. घाटात सात माणसं घेऊन पाय दाबला की दाब चढतो, चीर उघडते आणि मोजून घेतलेली हवा बाहेर निसटते. कॉम्प्युटर त्या हवेच्या हिशेबानेच डिझेल सोडत असतो, म्हणून मागे काळं निघतं.

आता तपासणी. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. मोबाइलचा टॉर्च आणि एक छोटा आरसा घ्या. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत प्रत्येक पाइपच्या खालून हात फिरवा. बोटाला ऑइल आणि धुळीचा काळा चिकट लगदा लागला तर तिथे थांबा. पाइप दोन्ही हातांनी वाकवून बघा, चीर असेल तर आतला धाग्याचा थर दिसेल. नुसता पाइप आतून किंचित तेलकट आहे म्हणून घाबरू नका, जुन्या टर्बो गाडीत तेवढं असतंच. डोळ्याला काही दिसलं नाही तर स्मोक टेस्ट करणारं गॅरेज गाठा. ते पाइपांमध्ये धूर सोडतात आणि तो जिथून निघेल तिथे गळती. फाटका पाइप चिकटपट्टीने बांधून आणू नका, पहिल्याच चढाला ती सुटते. नवीन पाइप क्लिपसकट टाका. चार इंजेक्टरच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

पाइप धड निघालाच तर पुढचा संशय ईजीआर व्हॉल्व्हवर. जळका वायू थोडा परत इंजिनात पाठवण्याचं त्याचं काम. काजळी साचून तो उघडाच अडकला की ताज्या हवेची जागा हा वायू खातो. व्हॉल्व्ह काढला की आत डांबरासारखा थर दिसतो. तो साफ करता येतो. त्यानंतर टर्बो. तुमचं इंजिन ९० पीएसचं, त्यातला टर्बो व्हेरिएबल जातीचा, म्हणजे आतली पाती फिरून दाब कमी-जास्त करतात. काजळीने ती जाम होतात. इंजिन सुरू करताना टर्बोच्या बाजूचा दांडा हलतो का, ते मेकॅनिककडून बघून घ्या. गार इंजिनावर पाइप काढून टर्बोचा पंखा बोटाने फिरवायचा. आजूबाजूला अगदी किंचित हलला तर चालतं, आत-बाहेर हलला तर मात्र टर्बो गेलाच.

आणि इंजेक्टर? ‘रिटर्न टेस्ट दाखवा, मग पैसे देतो,’ असं सांगा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत जातं त्या तोंडाला, नळ्या जोडून चार सारख्या बाटल्यांत सोडतात आणि इंजिन थोडा वेळ चालवतात. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर दोषी. चारही बाटल्या सारख्या आणि मापात भरल्या, तर चार इंजेक्टर बदलायचा सल्ला कशावरून, ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ही टेस्ट तुम्ही घरी करू नका. कॉमन रेलमध्ये, म्हणजे चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनावर त्या पाइपचा नट सैल केला तर डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते, आणि तो इलाज ऑपरेशन थिएटरमध्ये होतो.

जाता जाता : यूट्यूबवर बघून कुणी तुम्हाला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ करायला सांगेल. तुमच्या गाडीत डीपीएफ नाही. आणि ‘मारुतीने २०२० पासून डिझेल बंद केलं, आता पार्ट कुठून मिळणार’ हे ऐकून विकायची घाई नको. १२४८ सीसीचं हे इंजिन मुळात फियाटचं. स्विफ्ट, पुंटो, इंडिका व्हिस्टा, कितीतरी गाड्यांत ते बसलं आणि आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही बनलं. त्याची नाडी ओळखणारे मेकॅनिक गावोगाव आहेत.

प्रश्न : २००४ ची साधी इंडिका डिझेल, टर्बो नाही. पासिंग पुन्हा करून घेतलं आहे. रात्रभर चढावर उभी राहिली तर सकाळी खूप सेल्फ मारावा लागतो. टाकीत डिझेल कमी असलं की चढाला दम सोडते, टाकी भरली की बरी चालते. धूर अजिबात नाही. — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : लाइनमध्ये हवा घुसतेय. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढून आणलं जातं, त्यामुळे या टप्प्यावर बारीक भेग असली तरी डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून खाली डाग दिसत नाही आणि मालक गोंधळतो. फिल्टर आणि पंपाच्या मधला रबरी पाइप काढून तिथे तेवढ्यापुरती पारदर्शक नळी लावा. इंजिन सुरू करून बघा. बुडबुडे धावताना दिसले की संशय पक्का. मग फिल्टरचं सील, हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) आणि टाकीकडचे रबरी तुकडे एकेक करून बदलत या. तुमच्याकडे पाऊस भरपूर, तेव्हा त्याच बैठकीत फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी काढून टाका. पंप उतरवायची भाषा कुणी केली तर आधी ती नळी दाखवा.

प्रश्न : पिकअप वाढावा म्हणून डिझेलमध्ये थोडं रॉकेल किंवा टू-टी ऑइल घालावं का? गाडी कॉमन रेलची आहे. — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. कॉमन रेलच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. रॉकेल पातळ, त्यात पंप घासला जातो आणि त्याचा कीस थेट इंजेक्टरमध्ये जातो. टू-टी ऑइल पेट्रोलच्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी असतं, त्याने पिकअप वाढत नाही. तेच पैसे डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टरवर घाला. फरक पडला नाही तर धुराचा रंग आणि त्रास कोणत्या गिअरला होतो ते लिहून पाठवा.