लग्नानंतर नोकरी करायला नवऱ्याची परवानगी लागते, असं इस्लाम सांगतो का?

तुम्ही विचारलंय की नवरा नको म्हणत असेल तर मुस्लिम बायकोला नोकरी करता येते का, आणि इस्लामी स्त्रीवादी यावर काय म्हणतात. मी सोलापूरची, लग्न झालेली, नोकरी करणारी. आलिमा, म्हणजे धर्माची पंडिता, नाही; वाचलंय आणि पाहिलंय तेवढं सांगते.

माझी खाला, म्हणजे मावशी, वर्षानुवर्षं घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कापलेली पानं. हजार झाल्या की नेऊन द्यायच्या. परवानगीचं नावही कुणी काढलं नाही. तिच्या मुलीला बँकेत नोकरी लागली, तेव्हा मात्र सासरी बैठक बसली.

जुन्या फिक्हमधला, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रातला, वादही कमाईचा नाहीच, उंबरठ्याचा आहे. बायकोची कमाई तिची, मेहर (निकाहात नवऱ्याने द्यायची रक्कम) तिची, हे जुने फकीह, म्हणजे कायदेपंडितही, मानतात. पण नवरा नफका देतो, म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा. त्या बदल्यात तिने त्याला न विचारता घराबाहेर पडू नये, असा हिशेब त्यांनी मांडला. पडली तर नफका बंद.

इस्लामी स्त्रीवाद नेमका या हिशेबाला हात घालतो. कुरआनच्या 4:34 मध्ये (चौथी सूरा, 34वी आयत) पुरुषांना स्त्रियांचे ‘कव्वाम’, म्हणजे सांभाळ करणारे किंवा वरचढ, म्हटलंय आणि त्याचं एक कारण तिथेच दिलंय: ते आपल्या मालातून खर्च करतात. अमीना वदूद, अझिझा अल-हिब्री या मुस्लिम अभ्यासक स्त्रियांच्या वाचनात ही जबाबदारी आहे, हुकूमत नाही. मग घराचा हप्ता बायकोच्या पगारातून जात असेल तर? इराणी वंशाच्या अभ्यासक झिबा मीर-हुसैनी आणखी पुढे जातात: शरिया, म्हणजे देवाची वाट, वेगळी; फिक्ह, म्हणजे माणसांनी तिचा लावलेला अर्थ, वेगळं. नफक्याच्या बदल्यात ताबेदारी ही जोडी माणसांनी, त्यांच्या काळात लावलेली आहे; ती सोडवताही येते. 2009 मध्ये क्वालालंपूरला सुरू झालेल्या ‘मुसावा’ (समता) या मुस्लिम कुटुंबात समानता मागणाऱ्या चळवळीचा पायाच हा आहे.

पैगंबरांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजांचा दाखला सगळेच देतात. त्या व्यापार करायच्या आणि पैगंबर निकाहाआधी त्यांचा माल घेऊन शामला, म्हणजे सीरियाकडे, गेले होते, हे खरं. पण मला तो दाखला अपुरा वाटतो. मालकीणबाईंना कोण अडवणार? अडते ती रात्रपाळीची नर्स.

कायद्यांत एकवाक्यता नाही. इराणच्या नागरी संहितेचं कलम 1117 अजूनही सांगतं की कुटुंबाच्या हिताला किंवा प्रतिष्ठेला न शोभणारं काम करण्यापासून नवरा बायकोला रोखू शकतो. इजिप्तच्या 1985 च्या दुरुस्तीत कामाला जाणाऱ्या बायकोचा नफका बुडत नाही, पण ‘कुटुंबाच्या हिता’ची पळवाट तिथेही आहे. मोरोक्कोने 2004 मध्ये ताबेदारीचं कलमच काढलं आणि घर दोघांच्या जबाबदारीवर टाकलं.

इराणमधल्या अनेक मुली यावर साधा उपाय करतात: नोकरीचा हक्क निकाहाच्या करारातच शर्त म्हणून लिहून घेतात. निकाह हा करार आहे, शर्त घालता येते, त्यामुळे मौलवींशी वादही घालावा लागत नाही. मीही तेच केलं. ‘नोकरी चालू राहील’ एवढं सांगितल्यावर काजीसाहेबांनी पेन थांबवून नवऱ्याकडे पाहिलं. तो “लिहा” म्हणाला. आता ही परवानगीच झाली की, असं माझी धाकटी बहीण अजून चिडवते.