चष्म्याची फ्रेम नाकावर मधोमध तुटली आहे. सुपरग्लूने घरी चिकटवता येईल का?

नाही. निदान काचा फ्रेममध्ये ठेवून तर नाहीच नाही.

प्रश्न वाचला आणि आमची २०१४ ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठवली. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. चवथीच्या आदल्या संध्याकाळी बाबा माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधत होते. घामाने चष्मा सारखा धुकट होत होता म्हणून काढून स्टुलावर ठेवला. वरून तोरंजन (पपनस) सुटलं ते नेमकं त्याच्यावर. काचा शाबूत, फ्रेमचे दोन तुकडे. बाजार गणपतीच्या गर्दीत, चष्म्याचं दुकान बंद.

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, म्हणाले, "मिनटान चिकटतलें, पळय." (मिनिटात चिकटेल, बघ.) दोन थेंब टाकले, दाबून धरलं, चिकटलंही. मग पोरांचे हात लागू नयेत म्हणून चष्मा डबीत घालून झाकण लावलं. सकाळी डबी उघडली तर दोन्ही काचांवर पांढरी साय! उजव्या काचेच्या कडेला बाबांच्या अंगठ्याचा ठसा रेघन्‌रेघ उमटलेला, रांगोळीने काढावा तसा.

भावोजींचं त्या दिवसापासून एकच पालुपद: पावसाळी हवा, बुरशी धरली. अहो, एका रात्रीत? आमच्याकडे चामड्याच्या चपलेला बुरशी येते, कपाटातल्या पट्ट्याला येते, पण तिलाही चार दिवस लागतात. आणि बुरशी काय अंगठ्याच्या रेघा बघून वाढते? ती होती गोंदाची वाफ. सुपरग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. ते ओलाव्यानेच घट्ट होतं. वाळताना त्याची वाफ सुटते आणि जवळपास जिथे ओल, घाम, बोटांचा तेलकटपणा असेल तिथे पांढरी होऊन बसते. पोलीस बोटांचे ठसे उठवायला बंद पेटीत हीच वाफ सोडतात. आमची पेटी म्हणजे चष्म्याची डबी.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण भावोजींनी ताईचं नेलपॉलिश रिमूव्हर आणलं. त्यातल्या अ‍ॅसिटोनने अ‍ॅसिटेटची फ्रेम विरघळते. पुसलं तिथली चकाकी गेली, फ्रेम चिकट झाली. काचा पॉलिकार्बोनेटच्या, त्यांच्यावर बारीक जाळं पडलं. बाबांनी त्या चवथीला सगळ्या आरत्या पाठच म्हटल्या, चुकले तिथे घुमटाचा, म्हणजे आमच्याकडच्या मातीच्या वाद्याचा, आवाज वाढवला.

तुमचं म्हणाल तर आधी काचा काढा. प्लास्टिकची फ्रेम कोमट पाण्यात धरली की सैल पडते. तुटलेल्या कडा घासून खरखरीत करा, अराल्डाइटच्या दोन्ही नळ्यांतलं सारखं घेऊन कालवा, जोडा आणि रात्रभर हात लावू नका. सांध्यावर मासे गरवण्याचा बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, सात-आठ वेढे गुंडाळून त्याच्यावर पुन्हा तेच लिंपा. दिसायला ओबडधोबड दिसेल, पण खरा जोर तंगूसच घेतो. नुसत्या गोंदाचा सांधा नाकावर टिकत नाही. बाबांच्या पुढच्या चष्म्याची काडी मी अशीच जोडली होती, दीड वर्ष चालली. तेव्हा भावोजी म्हणाले, "नशीब!"

हो, हे प्लास्टिकच्या फ्रेमचं. धातूची असेल तर घरी हात घालू नका, तिला डाग द्यावा लागतो, म्हणजे सोल्डर करावं लागतं. आणि नंबर मोठा असेल किंवा प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचं-जवळचं दोन्ही) काचा असतील तर जोडलेला चष्मा दुकान उघडेपर्यंतच वापरा. काच जराशी तिरकी बसली तरी डोकं धरतं. त्यावर स्कूटर तर चालवूच नका.

भावोजी हल्ली हे सगळं मोबाईलवर वाचत असतात. तर भावोजी, ती डबी त्या चष्म्यासकट अजून माझ्या कपाटात आहे. अकरा पावसाळे गेले, ठसा जसाच्या तसा आहे. या कधीही, दाखवते.