साखर कारखान्यातल्या प्रेसमडचा (उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाचा) ढीग आपोआप इतका का तापतो? पाणी मारून थंड करावा का?

नाही, थंड करू नका. ती उष्णता ढिगाचं कंपोस्ट करणाऱ्या जिवाणूंचीच आहे. साखर, मेण, प्रथिनं खाताना ते ऑक्सिजन वापरतात आणि सुटलेली उष्णता ढिगात कोंडून राहते. ४५ अंशांच्या आसपास साधे जिवाणू मागे पडतात आणि उष्णताप्रिय मंडळी ताबा घेतात: बॅसिलस, जिओबॅसिलस, थर्मोॲक्टिनोमायसिस. त्यांची विकरं (एन्झाइम) या तापमानातही शाबूत राहतात, म्हणून प्रथिनं, स्टार्च झपाट्याने तुटतात. मेण आणि स्निग्ध पदार्थही गरम झाल्यावर मऊ पडतात, मग लायपेजला (स्निग्ध पदार्थ तोडणाऱ्या विकराला) ते सहज गवसतात. शिवाय ५५ अंशांवर काही दिवस राहिलं की रोगजंतू आणि तणाचं बी बहुतेक मरतं, हा फुकटचा फायदा.

पण ७० च्या वर गेलं की हेही जिवाणू गळपटतात. तेव्हा पाणी ओतण्यापेक्षा ढीग पलटा, हवा खेळू द्या. ओल ५०-६० टक्के ठेवा. मूठ दाबली की ओलसर वाटावं, पाणी निथळू नये. स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) एकदम ओतला तर हवा कोंडते आणि कुजका वास सुटतो. कल्चरच्या (विकतच्या जिवाणूंच्या) महागड्या बाटल्यांपेक्षा जुन्या पक्व कंपोस्टच्या चार पाट्या मिसळणं मला बरं वाटतं.