एआयशी सौदा करण्याआधी: वाचकांचे प्रश्न

संगणकावरच्या डावपेचांच्या खेळांबद्दल गेल्या काही महिन्यांत आलेली पत्रं एकावर एक ठेवली, तर निम्म्यांचा मजकूर सारखाच निघेल: ‘एआयला (म्हणजे संगणक खेळवतो त्या प्रतिस्पर्ध्याला) सौद्यात गंडवायची एक युक्ती ऐकली होती, करून पाहिली, आता तिघांनी मिळून माझ्यावर युद्ध पुकारलंय.’ युक्ती कुणी सांगितली ते प्रत्येकाला आठवतं. ती खेळाच्या कुठल्या भागातली, कुठल्या पॅचच्या (खेळातल्या दुरुस्तीच्या) आधीची, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं. म्हणून तेच प्रश्न पुन्हा घेतो. बहुतेक पत्रं पाळीपाळीनं (टर्न घेत) राज्य वाढवायच्या सिव्हिलायझेशन या खेळाची आहेत, त्यामुळे उत्तरंही त्याचीच.

प्रश्न: एआयकडून रोख सोनं एकरकमी घ्यायचं, बदल्यात टर्नमागे थोडंथोडं द्यायचं कबूल करायचं आणि लगेच युद्ध पुकारायचं. हप्ते बुडतात, रोकड आपल्याकडे राहते. चालतं का?

कुठल्या भागात, हे लिहायचं तुम्हीही विसरलात. चौथ्या भागात (२००५) असा सौदा मांडताच येत नाही. एका बाजूला एकरकमी आणि दुसऱ्या बाजूला हप्त्याची वस्तू खेळ ठेवूच देत नाही. पाचव्यात (२०१०) हे दार सताड उघडं होतं. चैनीची एक वस्तू तीस टर्नांसाठी द्यायची, २४० सोनं रोख घ्यायचं, पुढच्या टर्नला युद्ध. लोकांनी यावर अख्खे डाव जिंकले. मग २०१३ साली ब्रेव्ह न्यू वर्ल्ड ही पुरवणी आली आणि रोख सोन्याचा व्यवहार फक्त जाहीर मैत्री असलेल्यांपुरता राहिला. म्हणजे आता लुटायचं तर मित्रालाच लुटावं लागतं, आणि मित्राच्या पाठीत सुरा खुपसला की ते बाकीचे सगळे लिहून ठेवतात. सहाव्यात (२०१६) रोख आणि हप्ता यांची अदलाबदल पुन्हा होते, पण मैत्री जाहीर केली असेल तर तिच्या मुदतीत युद्धच पुकारता येत नाही.

तेव्हा जुना व्हिडिओ पाहून हात घालू नका. आधी तुमच्या आवृत्तीच्या पॅच नोट्स वाचा. त्या समजल्या नाहीत तर हाच भाग, हीच आवृत्ती खेळणाऱ्या कुणाला तरी विचारा.

प्रश्न: गांधींशी तह करावा का? लोकशाही आली की त्यांचा आक्रमकपणा शून्याखाली जाऊन २५५ होतो आणि ते अणुबॉम्ब टाकतात ना?

नाही. पहिल्या भागात असा बग नव्हताच, हे खुद्द खेळाचे जनक सिड मायर यांनी २०२० मध्ये आलेल्या आत्मचरित्रात सांगितलंय. पाचव्या भागात मात्र डिझायनर जॉन शेफर यांनी गंमत म्हणून गांधींचा अण्वस्त्रांचा कल दहाच्या मोजपट्टीवर बारा ठेवला. विनोद आधी आणि अफवा नंतर, असा हा क्रम आहे. तह खुशाल करा; त्यांच्याकडे युरेनियम दिसलं की मला लिहा.

प्रश्न: सहाव्या भागात शिष्टमंडळ कधी पाठवावं?

भेट झाली त्याच टर्नला. पंचवीस सोनं लागतं, आणि तोंड वाकडं झाल्यावर एआय ते स्वीकारत नाही.

प्रश्न: चौथ्या भागात एआय टेक (शोधलेलं तंत्रज्ञान) द्यायला नकार देतो आणि म्हणतो, तुम्ही फार पुढे चालला आहात अशी भीती वाटते. मी तर यादीत शेवटून दुसरा आहे!

वाक्यावर जाऊ नका. तुम्ही किती पुढे आहात हे तो बघत नाही. अदलाबदलीतून आजवर किती टेक पदरात पाडून घेतल्या, ते मोजतो. एकाकडून घ्यायची, दुसऱ्याला विकायची, त्या बदल्यात तिसरी मिळवायची, ही दलाली तुम्ही टेकची अदलाबदल खुली करणारं अल्फाबेट मिळाल्यापासून करत असणार. प्रत्येक राजाची सहनशक्ती वेगळी असते. हलक्यासलक्या टेक घेणं थांबवा आणि महागड्यांसाठी जागा राखा. बियाँड द स्वॉर्ड या चौथ्या भागाच्या पुरवणीत ही दलाली बंद करण्याचा पर्यायही आहे. गटात खेळत असाल तर तो सुरू आहे का, हे डाव मांडणाऱ्याला आधी विचारा, नंतर भांडू नका.

प्रश्न: दोन शेजाऱ्यांत युद्ध लावून द्यायचं आणि आपण मजा बघायची, ही सर्वांत सुरक्षित खेळी आहे असं सगळे म्हणतात. चौथ्या भागात मी टेक देऊन एकाला दुसऱ्यावर सोडतो. यात धोका काय?

सगळे म्हणतात खरं. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, ही म्हणही सगळ्यांना पाठ. पण म्हणीत दोघंही दमलेले असतात. खेळात पुष्कळदा एक दुसऱ्याला गिळतो आणि दुप्पट होऊन तुमच्या कुंपणाला टेकतो. या सल्ल्याची मला धास्तीच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मी स्वतः ठेच खाल्ली आहे. मान्सा मुसा संशोधनात सुसाट सुटला होता, त्याच्या पलीकडे मॉन्टेझुमा. मी मॉन्टेझुमाला फ्यूडलिझम ही टेक देऊन युद्धाला उभा केला. एका टेकमध्ये काम झालं म्हणून खूश होतो. वीसेक टर्नांनी पडद्यावर बातमी आली: मान्सा मुसा शरण गेला, मॉन्टेझुमाचा मांडलिक झाला. आता गंमत बघा. मांडलिक ठेवण्याची सोय मिळते ती फ्यूडलिझममुळेच. सुपारीही मी दिली आणि हत्यारही मीच दिलं. त्यापुढे मान्साचं डोकं आणि मॉन्टेझुमाची मनगटं एकाच छावणीत होती आणि त्या छावणीची सीमा माझ्या शेतांना लागून होती.

दुसरी गोष्ट, हे लपून राहत नाही. ज्याच्यावर तुम्ही भाडोत्री शत्रू सोडता, त्याच्या नाराजीच्या यादीत ‘तुम्ही आमच्याविरुद्ध दुसऱ्याला युद्धात उतरवलंत’ अशी वजा आकड्याची ओळ उमटते. चौथ्या भागात ही यादी बरीचशी उघडी दिसते. एआयला राग-लोभ नसतात, बेरीज-वजाबाकी असते, आणि ती तुमच्यापेक्षा चोख ठेवलेली असते. तरी लोक यादी बघतात कधी, तर गजदळ वेशीवर आल्यावर.

मग करूच नये का? करावं, पण हल्ला करणारा बळात कमी किंवा बरोबरीचा असेल तेव्हा. बळाचा आलेख आधी उघडा. दोघांमध्ये अंतर असेल तर उत्तम. फौजा वाटेतच झिजतात. बळी पडणारा खचू लागला की तह घडवून आणायला लागणारी टेक किंवा रोकड हाताशी ठेवा, कारण पैसे देऊन युद्ध लावता येतं तसं थांबवताही येतं. हा दुसरा खर्च कुणी धरतच नाही. आणि युद्धाचं विचारल्यावर ‘आमच्या हातात आधीच पुरेसं काम आहे’ असं उत्तर आलं तर कान टवकारा. तो आधीच कुणाशी लढत नसेल तर याचा अर्थ तो कुणावर तरी चाल करून जायच्या तयारीत आहे. ते कुणीतरी तुम्हीही असू शकता.

लावालावी करण्याच्या आधीची सेव्ह (डावाची जपून ठेवलेली प्रत) वेगळी ठेवा आणि जाणत्या खेळाडूला दाखवा. आधीची. नंतरच्या सेव्हवर मी फक्त हळहळू शकतो.

प्रश्न: पैसे भरून एक ट्रेनर (खेळात फेरफार करणारा प्रोग्राम) मिळतो, त्यानं सगळे एआय कायम मित्र राहतात म्हणे. घेऊ का?

नको. अनोळखी माणसाची एक्झी फाइल, तीही विकत? उतरवून झाली असेल तर खेळाचं राहू द्या, आधी संगणकातलं कळणाऱ्याला मशीन दाखवा.

प्रश्न: मॉन्टेझुमा सीमेवर फौज जमवतो आहे. मला दहा टर्न हवे आहेत. (बियाँड द स्वॉर्ड)

हे पत्र पोचेपर्यंत तुमची राजधानी पडली असेल, तरी इतरांसाठी सांगतो. संबंध बरे असताना एआयकडे मदत म्हणून एक सोनं मागा. एकच. त्यानं दिलं की दोघांत दहा टर्नांचा सक्तीचा तह लागू होतो आणि तोवर तो हल्ला करू शकत नाही. उलट तो काही मागत आला आणि तुम्ही दिलंत, तरी तेच होतं. मात्र संबंध बिघडल्यावर मागितलंत तर ती उद्धट मागणी ठरते आणि आणखी एक वजा चिकटतो. लोक बिघडल्यावरच मागतात.

प्रश्न: सहाव्या भागाच्या गॅदरिंग स्टॉर्म या पुरवणीत (२०१९) डिप्लोमॅटिक फेव्हर (मतदानात खर्चायची पत) विकून श्रीमंत होता येतं हे खरं का?

खरं. पण ती विकत घेणारा एआय तीच मतं खेळातल्या जागतिक काँग्रेसमध्ये तुमच्याविरुद्ध घालू शकतो, म्हणून पुढची बैठक किती टर्नांवर आहे ते बघितल्याशिवाय विकू नका. भाव पॅचप्रमाणे बदलतो, कुणी सांगितलेला आकडा धरू नका.

प्रश्न: अशा युक्त्या म्हणजे फसवणूकच नाही का?

एकट्यानं खेळता तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा. टेबलावर आणखी माणसं असतील तर पहिल्या टर्नच्या आधी त्यांच्याशी बोलून घ्या.

प्रश्न: पाचव्या भागातली सेव्ह सोबत जोडली आहे. सहा तलवारबाज तयार आहेत. पुढच्या टर्नला उत्तरेच्या शेजाऱ्यावर युद्ध पुकारू का?

सेव्ह पाठवणारे तुम्ही एकटेच, म्हणून आधी आभार. उघडून पाहिली. तुमच्या हद्दीत लोखंडाची एकही खाण नाही. सहाच्या सहा तलवारबाजांचं लोखंड सौद्यानं येतं, आणि ते येतं उत्तरेच्या शेजाऱ्याकडून. युद्ध पुकारताच सौदा तुटेल, लोखंडाचा साठा उणे सहावर जाईल आणि वेशीपाशी पोचायच्या आधीच तलवारबाजांच्या बळात कपात होईल. सौद्याचे अजून अकरा टर्न बाकी आहेत. तोवर पश्चिमेच्या नगरराज्याशी सख्य करा. त्याच्या टेकडीवर लोखंड आहे. ते हाती आलं की पुन्हा सेव्ह पाठवा.